माझी फिट मी कधी पाहिलीच नाही

पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, थोडक्यात):

मी ३१ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आई, दादा आणि वहिनीबरोबर राहते. पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, स्कूटीवरून जाते-येते. तेरा वर्षांची असताना मावशीच्या लग्नात रात्रभर जागरण झालं आणि सकाळी मला पहिली फिट आली. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. त्या आई देते. सकाळी एक पांढरी, रात्री एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी. नावं मला माहीत नाहीत. दवाखान्यात आई बरोबर असते, डॉक्टर तिच्याशीच बोलतात. गेलं दीड वर्ष फिट नव्हती. या मार्चमध्ये आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामाकडे दोन आठवडे गेली. गोळ्या काढून ठेवल्या होत्या, पण गुलाबी संपली आणि गावातल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही. त्यात मार्च एंड, घरी यायला रात्रीचे बारा वाजायचे. दोन रात्री गोळ्या न घेताच झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करताना पडले. कपाळाला चार टाके पडले. वहिनीनं तोंडात चमचा घातला होता, त्यानं पुढचा दात हलायला लागला.

आता पुण्यात नोकरी मिळाली आहे. पगार जवळजवळ दुप्पट आहे आणि १ जूनला हजर व्हायचं आहे. दादा म्हणतो, "आई दोन आठवडे नव्हती तर ही गत. पुण्यात कोण बघणार? चारचौघांत फिट आली तर उद्या लग्नाचं काय?" आई काही बोलत नाही, नुसती रडते. मी स्वतः फिटबद्दल वाचायला घेतलं की छातीत धडधडतं, म्हणून सोडून देते. लहानपणापासून सकाळी उठल्यावर हाताला हिसके बसतात, कप सुटतो, म्हणून घरात मला वेंधळी म्हणतात. मी माझी फिट कधी पाहिलेलीसुद्धा नाही. मी एकटी राहू शकते का? की दादाचंच खरं?

---

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. 'मी माझी फिट कधी पाहिलेलीसुद्धा नाही.' ती आईनं पाहिली, मावशीच्या लग्नातल्या पाहुण्यांनी पाहिली, दादानं आणि वहिनीनं पाहिली. तुमच्या वाट्याला फक्त नंतरचं आलं. ठणकणारं डोकं, चावलेली जीभ, भोवतीची माणसं आणि त्यांचे उतरलेले चेहरे. अठरा वर्षं आजार तुमच्या अंगात आहे आणि त्याची माहिती मात्र दुसऱ्यांकडे आहे. त्या माणसांनी ती प्रेमानंच सांभाळली, याबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं.

मी डॉक्टर नाही. मेंदूविकारांच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलं. चाळिशी ओलांडलेली, घरदार चालवणारी माणसं तिथे येत आणि "कुठली गोळी घेता?" असं विचारलं की मागे उभ्या असलेल्या बायकोकडे किंवा आईकडे बघत. हुशार माणसं असत ती. लहानपणी आजार सुरू झाला, तो मोठ्यांनी हातात घेतला, आणि तो परत कधी द्यायचा हे कुणी ठरवलंच नाही. तुम्हाला घरात आणि दवाखान्यात सगळे 'तू' म्हणत असतील. मी या पत्रात मुद्दाम 'तुम्ही' म्हणते आहे.

आधी दादाच्या म्हणण्याकडे वळू, कारण ते तुम्हाला पटल्यासारखं वाटतंय. "आई नव्हती तर ही गत," असं तो म्हणतो. मार्चमध्ये तुम्ही एकट्या होतात का? दादा घरात होता, वहिनी घरात होती. बघणारी दोन माणसं असताना फिट आली, कपाळ फुटलं, आणि मदत म्हणून तोंडात चमचा गेला. म्हणजे माणसं जवळ असणं पुरेसं ठरलं नाही. काय घडलं ते तुम्हीच लिहिलंय: गोळी संपली, दोन रात्री डोस चुकले, झोप कमी झाली. फिट येण्याची यापेक्षा ओळखीची कारणं दुसरी नाहीत. आई घरात असती तर गोळी संपायच्या चार दिवस आधी तिनं सांगलीहून मागवली असती. आईकडे होती ती एक सवय आणि थोडी माहिती, आणि या दोन्ही गोष्टी शिकता येतात. मार्चच्या फिटचा दोष स्वतःला देऊ नका. जे तुम्हाला कुणी शिकवलंच नाही, ते न आल्याबद्दल अपराधी कशाला वाटून घ्यायचं?

पण दादाची भीती मी खोटी म्हणणार नाही. एक गोष्ट डॉक्टरही पुष्कळदा सांगायचं टाळतात, ती सांगते. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्या प्रौढांमध्ये दरवर्षी साधारण १००० मध्ये एकाचा मृत्यू अचानक होतो, बहुतेक वेळा रात्री झोपेत. ज्यांना अंग आखडून झटके येणाऱ्या मोठ्या फिट वारंवार येतात, त्यांना हा धोका जास्त असतो. ज्यांच्या फिट पूर्ण ताब्यात असतात त्यांना तो बराच कमी असतो. खोलीत दुसरं माणूस झोपत असेल तरीही तो कमी होतो, असं दिसून आलं आहे. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दादाच्या मनात हेच असेल आणि त्याला ते बोलता येत नसेल. यातून दोन गोष्टी निघतात. फिट ताब्यात ठेवणं ही सगळ्यात मोठी राखण. आणि पुण्यात गेलात तर निदान पहिलं वर्षभर एकटीची खोली घेऊ नका, जोडीला कुणी असेल अशी जागा बघा.

आता ते हिसके. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. सकाळी उठल्यावर हाताला हिसके, हातातून सुटणारा कप, पहिली फिट तेराव्या वर्षी, तीही जागरणानंतरच्या सकाळी. पत्रावरून निदान होत नसतं आणि मी ते करणारही नाही. पण किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार अगदी असाच असतो, आणि त्यातले सकाळचे हिसके हा आजाराचाच भाग असतो. ते वेंधळेपण नसतं. हे डॉक्टरांना कधी सांगितलंय का? आईनं सांगितलं नसणार, कारण ते घरात स्वभाव म्हणून खपून गेलं आहे. आणि हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण औषध त्यावर ठरतं. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही अपस्मारावरची जुनी, चांगली औषधं आहेत, पण या प्रकारात त्यांनी हिसके वाढू शकतात. डॉक्टर फिट बघत नाहीत, ते फिटचं वर्णन ऐकतात. दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला तर तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून आपण काय सांगतो यावर निम्मं निदान उभं असतं.

यासाठी एक काम करा. पुन्हा कधी फिट आलीच तर घरातल्या कुणी तरी मोबाइलवर चित्रण करावं, असं आजच सांगून ठेवा. आधी तुम्हाला सुरक्षित करायचं, मग मोबाइल. लाज वाटेल, पण डॉक्टरांना त्या एका मिनिटात दहा वर्षांच्या केसपेपरपेक्षा जास्त कळतं. ते तुम्ही स्वतः बघायचं की नाही, हे तुमच्या मनावर. काही जणींनी मला सांगितलं की बघितल्यावर रडू आलं आणि मग बरंही वाटलं, कारण मनात रंगवलेलं त्याहून भयंकर होतं. काही जणींनी आजपर्यंत बघितलेलं नाही, तेही ठीकच आहे.

मग गोळ्या. स्ट्रिप उलटी करा आणि मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वहीत उतरवा. कंपनीनं दिलेलं नाव वेगळं, हे वेगळं. किती मिलिग्रॅम तेही लिहा. पांढरी-गुलाबी हे काही नाव नव्हे. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि अनोळखी शहरातल्या इस्पितळात बेशुद्ध अवस्थेत नेलं तर तिथे रंग सांगून काही होत नाही.

नाव बघायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. त्या स्ट्रिपवर सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅलप्रोएक्स लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांची वेळ लवकर घ्या. औषध उत्तम आहे, तुम्ही वर्णन केलेल्या प्रकारावर तर फारच गुणकारी आहे. पण ते चालू असताना दिवस राहिले तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. लग्नाचा विषय घरात चालू असताना ही माहिती तुमच्याकडे हवी, आणि ती तुम्हाला आजवर कुणी दिली नसेल तर मला त्याचा राग येतो. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन यांच्यासारखे या बाबतीत जास्त सुरक्षित पर्याय आहेत, तुमच्यासाठी कोणता योग्य ते डॉक्टर ठरवतील. मात्र हे वाचून गोळी बंद करू नका. एकाएकी गोळी तोडली तर एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अशा गरोदरपणांची नोंद ठेवली जाते. औषध आधीपासून विचारपूर्वक ठरवलेलं असणं आणि फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीच सुरू असणं, एवढी तयारी लागते.

गोळ्या स्वतः सांभाळायच्या म्हणजे काय, हे आई मनात करत होती, तुम्ही कागदावर करा. रोजची वेळ ठरलेली, मोबाइलचा गजर, सात खणांची डबी. डबी यासाठी की "आज घेतली का नाही?" हा प्रश्न रात्री अकरा वाजता पडला तर खण बघून उत्तर मिळतं. घरात नेहमी दोन आठवड्यांच्या जास्तीच्या गोळ्या आणि पर्समध्ये दोन दिवसांच्या. मेडिकलवाला "कंपनी दुसरी आहे, औषध तेच" म्हणाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. अपस्मारात शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवतात. डोस चुकला तर आठवताक्षणी घ्यायचा. पुढच्या डोसची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर मात्र काय करायचं, हा नियम प्रत्येक औषधाचा थोडा वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या. ताप, सर्दी, दातदुखी, कशासाठीही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हे असू द्या: "मला अपस्मार आहे आणि मी अमुक गोळ्या घेते." ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातकुळीतली प्रतिजैविकं फिट ओढवू शकतात. गर्भनिरोधक गोळ्यांचं आणि अपस्माराच्या काही औषधांचंही पटत नाही, तेव्हा तेही विचारून.

झोपेचं तर काय सांगू. तुमच्या दोन्ही फिट, पहिली आणि शेवटची, जागरणानंतरच्या सकाळच्या आहेत. लग्नघर, कोजागिरी, नवरात्रातला जागर, मार्च एंड, यातलं काय सोडायचं आणि कशात रात्री साडेदहाला "मी निघते" म्हणायचं, हे तुम्हाला ठरवावं लागेल. नव्या नोकरीत रात्रपाळी नाही ना, हे होकार देण्याआधी विचारून घ्या. उपवास करत असाल तर गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, त्यानं उपवास मोडत नाही. निर्जळी मात्र तुमच्यासाठी नाही. आईला हे सांगायला जड जाणार नाही असं वाटतं, अठरा वर्षं ती हेच करत आली असेल.

पुढची गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. स्कूटी. मार्चमध्ये फिट आली आहे आणि तुम्ही अजून स्कूटीवरून जाता. ती सकाळ ब्रश करतानाऐवजी चौकात उजाडली असती तर? वाहन परवान्याच्या अर्जात फॉर्म १ म्हणून एक स्वयंघोषणा असते, तिच्यात अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का, असं सरळ विचारलेलं असतं. आपल्याकडे सगळे तिथे 'नाही' लिहितात. रस्त्यावर तुमच्यामागे शाळेचं पोर सायकलवर असतं, एवढंच म्हणते. पुण्यात दुचाकीशिवाय कसं चालेल, असं सगळे म्हणतील. चालतं. भाडं हजार-दोन हजार जास्त पडलं तरी ऑफिसला चालत जाता येईल किंवा एका बसनं पोचता येईल अशी जागा घ्या. पगार दुप्पट होतोय, त्यातला हा खर्च आधी मनात धरा.

घरातल्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, दारावर पाटी अडकवायची. बादलीनं अंघोळ, बसून, आणि पाणी बेताचं गरम. गॅसवर मागच्या शेगडीवर आधी ठेवायचं, कढईचा दांडा आत वळवलेला. पलंग कमी उंचीचा. पोहायला, नदीवर, विहिरीवर कधीच एकटीनं नाही. सकाळचे हिसके असतील तोवर चहा उकळता ओतून घेऊ नका, आणि हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि प्रथमोपचार. हे वहिनीला शिकवा, पुण्यातल्या रूममेटला शिकवा, ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एखादीला शिकवा. वहिनीवर रागावू नका, तिला जे कुणी सांगितलं होतं ते तिनं केलं. आपल्याकडे फिट आली की कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, हातात किल्ल्यांचा जुडगा देतात. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. खरं करायचं ते इतकंच: घड्याळ बघा. आजूबाजूचं टोकदार, गरम बाजूला करा. डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, चमचा नाही, बोट नाही, पाणीसुद्धा नाही. जीभ गिळली जात नाही, ती चावली जाते आणि भरून येते. तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर खरं संकट. झटके ओसरायला लागले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या, आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत शेजारी बसा. त्या वेळात माणूस गोंधळलेला असतो, त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार नको. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, किंवा पाण्यात आली, मोठी जखम झाली, तर १०८ ला फोन. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात, पण बघणाऱ्याला तो अर्धा तास वाटतो, म्हणून घड्याळ. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आपल्याकडे मिळतो. तो तुमच्याकडे असावा का, कुणी आणि कधी मारायचा, हे पुढच्या भेटीत विचारा.

एका पुठ्ठ्यावर हे मराठीत लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. वर 'मला अपस्मार आहे', औषधांची नावं, दादाचा नंबर. हे लिहिताना हात थांबेल. थांबू द्या, आणि मग लिहा.

आता डॉक्टर. ते आईशी बोलतात कारण गेली अठरा वर्षं आई पुढच्या खुर्चीत बसते. पुढच्या वेळी पुढच्या खुर्चीत तुम्ही बसा, आणि म्हणा, "आजपासून मी सांगते. काही राहिलं तर आई भर घालेल." कोणत्याही डॉक्टरांना हे ऐकून बरंच वाटेल. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात, म्हणून प्रश्न लिहून न्या. माझ्या अपस्माराचा प्रकार कोणता? सकाळच्या हिसक्यांमुळे औषध बदलायला हवं का? ही औषधं लग्नानंतर, गरोदरपणात चालतील का? किती वर्षं घ्यावी लागतील? शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं सांगते. "दोन वर्षं फिट आली नाही की गोळ्या बंद" असं तुम्ही ऐकलं असेल. काही प्रकारांत दोन-तीन वर्षांनंतर डॉक्टर तसा विचार करतात, पण तुमच्यासारखी लक्षणं असणाऱ्या प्रकारात गोळ्या थांबवल्यावर फिट परत येण्याचं प्रमाण बरंच असतं. तेव्हा हा निर्णय शेजाऱ्यांच्या अनुभवावर नाही घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान आणि औषध मिळालं तर अपस्मार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर अपस्माराच्या खास केंद्रात जावं, हे तुमच्यासाठी नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या कुणासाठी तरी लिहून ठेवते.

लग्नाबद्दल दादाला एकच सांगा. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा एके काळी लग्नाच्या आड येणारा आजार होता, १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. लपवून केलेलं लग्न गोळ्यांच्या डबीपाशी येऊन अडकतं. रात्रीची गोळी नवऱ्यापासून चोरून घ्यायची, मग ती चुकते, मग फिट येते. अशी लग्नं मी बघितली आहेत. सांगून जमलेलीही बघितली आहेत, वेळ जास्त लागला. पुण्यात 'संवेदना फाउंडेशन' हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मदतगट आहे. नोकरीच्या निमित्तानं गेलात तर तिथे जरूर जा. अठरा वर्षांत अपस्मार असलेलं दुसरं माणूस तुम्ही बहुधा भेटला नसाल.

मग पुण्याचं काय? तीन वाटा दिसतात. नाही म्हणून गावातच राहणं: मार्चनं दाखवलं की गावातही काही बदललं नाही तर फिट येणारच. लगेच निघणं: गोळ्यांची नावं माहीत नसताना आणि हिसक्यांबद्दल डॉक्टरांशी बोललेलं नसताना मी तुम्हाला जा म्हणणार नाही. मला तिसरी वाट बरी वाटते. या आठवड्यात डॉक्टरांची भेट. आजपासून गोळ्या तुमच्या हातात, गावी, आईच्या डोळ्यांसमोर. आईनं आठवण करून द्यायची नाही, फक्त रात्री डबी बघायची. औषध बदललं तर नवीन मात्रा बसायला काही आठवडे जातात, म्हणून नोकरीवर हजर व्हायची तारीख महिनाभर पुढे ढकलता येईल का, ते आत्ताच विचारा. मिळाली मुदत तर उत्तम. नाही मिळाली आणि डॉक्टर "हरकत नाही" म्हणाले, तर पहिला महिना आईला सोबत घेऊन जा. डॉक्टर "थांबा" म्हणाले तर ही नोकरी सोडावी लागेल, आणि त्याचं वाईट वाटेल. पण मग पुढच्या नोकरीपर्यंत तयारी झालेली असेल.

वाचताना छातीत धडधडतं म्हणता. सुरुवातीला आणखी धडधडेल, खोटं कशाला सांगू. म्हणून एकदम सगळं वाचू नका. एक आठवडा फक्त गोळ्या. पुढचा आठवडा फक्त फिटची वही: तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, पाळी, चुकलेला डोस, सकाळचे हिसके. वहीत काही महिन्यांच्या नोंदी झाल्या की काही जणांना आपल्या फिटचं वेळापत्रक ओळखू यायला लागतं.

आईच्या रडण्याबद्दल शेवटी लिहिते. दादाचं तोंड तरी उघडतंय, ती गप्प आहे. तुमच्या गोळ्या तिच्या दिवसाचे दोन टेकू आहेत, एक सकाळचा, एक रात्रीचा. ते काढून घेतले जाणार हे तिला कळलंय. तिच्याकडून डबा एकदम मागू नका. एका रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन तिच्याजवळ बसा. जुनी फाइल, सगळे केसपेपर, काढलेल्या तपासण्या, जे काही त्या कापडी पिशवीत असेल ते तिलाच उलगडायला सांगा, आणि एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या. मग तिला विचारा: मावशीच्या लग्नात त्या सकाळी काय झालं? मी कुठे उभी होते, आधी कोणता हात उडाला, डोळे उघडे होते का, किती वेळ चाललं, तू काय केलंस? तिला सगळं आठवत असेल. ती सांगेल तसं लिहून घ्या, डॉक्टरांनाही ते लागणार आहे.